साळवेकाकांचा हरवलेला कोश

आमच्या प्रोजेक्टवर साळवेकाकांनी कधी पिवळा टॅग वापरला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. कारण त्यांनी लावलेल्या प्रत्येक टॅगची अर्धी चिठ्ठी माझ्या टेबलावर यायची. यार्डात आलेला माल तपासला की त्याला टॅग लागतो. पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल, आणि कागद यायचे असतील, काही ठरतच नसेल, तर पिवळा. बाकीचे इन्स्पेक्टर पिवळे टॅग हळदीकुंकवाच्या वाणासारखे वाटत फिरायचे. काकांच्या ड्रॉवरमधलं पिवळ्या टॅगचं बंडल मात्र मी अकरा वर्षं पाहत होते. त्याचं रबर उन्हाळ्यांनी कुजून तुटलं, पण बंडल होतं तेवढंच राहिलं.

"एक तर आहे, नाहीतर नाही," ते म्हणायचे. "पिवळा हा भित्र्या माणसाचा रंग आहे, मॅडम."

आणि हाच माणूस अडीच हजार वर्षांपूर्वी गायब झालेल्या एका पेटीवर जीव टाकून बसला होता. त्या पेटीचा एक साधा चलनाचा कागदही कुणाकडे नव्हता.

शांतवन साळवे मूळचे राहुरीकडचे. मिशनच्या शाळेत शिकले, वेल्डिंग तपासायची परीक्षा पास झाले आणि कतारला आले ते बावीस वर्षं राहिले. बुटके, चालताना डोकं थोडं पुढे. शर्टाच्या खिशात भिंग, छोटी बॅटरी, सहा इंची स्टीलची पट्टी आणि लाल पेन. ही चार हत्यारं लग्नाच्या रिसेप्शनलाही खिशात असायची. दोह्यात, अल मुंतझामधल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये ते वरच्या मजल्यावर राहायचे. खालच्या बकाल्यात पावाचं पाकीट घेतलं तरी तारीख बॅटरी मारून वाचायचे, मग मागच्या पाकिटाची वाचायचे, मग दुकानदाराकडे असं बघायचे की तो बिचारा मलबारी न विचारताच म्हणायचा, "काका, फ्रेश है, वल्ला फ्रेश है."

"आमच्या लग्नात यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता," सुमनकाकू सांगायच्या. "माझा नाही. माझ्या बापाचा!"

मी स्वतः नाशिकची, आणि त्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांना नंबर द्यायचा आणि एकही रकाना रिकामा असेल तर तो कागद आल्या पावली परत पाठवायचा. यात मी कुणाचं ऐकत नाही, मॅनेजरचंही नाही. त्यामुळे काकांचं आणि माझं जमलं. घरी ते मला वैशाली म्हणायचे, ऑफिसात मॅडम. घरी मॅडम म्हणाले की समजायचं, चिडलेत.

त्या पेटीचं नाव कराराचा कोश. तिची माहिती बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पाठ होती, हिंदू असोत की मुसलमान, कारण काका लिफ्टमध्येही ती सांगायचे. मोशेने देवाच्या आज्ञेवरून करवून घेतलेली ही पेटी. बाभळीचं लाकूड, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेलं. झाकणावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे देवदूत. आत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या. उचलायला दोन्ही बाजूंना कड्या, कड्यांत दांडे, आणि ते दांडे कधीही काढायचे नाहीत अशी सक्त ताकीद. पुढे शलमोन राजाने यरुशलेमेत मंदिर बांधलं, पेटी तिथे गेली. मग बाबेलची फौज आली, मंदिर पाडलं, आणि त्यानंतर पेटीचा पत्ता नाही.

ही गोष्ट काका सांगायचे ती यार्डाच्या भाषेत. सकाळी सहाला कामगारांना सुरक्षिततेचे दोन शब्द सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. बाकीचे लोक हेल्मेट घाला, पाणी प्या सांगून मोकळे होतात. काकांच्या पाळीला नेपाळ, बिहार आणि केरळचे साठ लोक जांभया देत उभे, आणि काका हिंदीत विचारायचे, "उज्जा को किसने मारा?"

उज्जा हा दावीद राजाच्या वेळचा माणूस. कोश गाडीवरून चालला होता, बैल अडखळले, पेटी कलली, उज्जाने सावरायला हात लावला आणि जागच्या जागी मेला.

"सब बोलते हैं भगवान ने मारा," काका म्हणायचे. "गलत. मेथड स्टेटमेंट में क्या लिखा था? दांडे से उठाने का, कंधे पर. ये लोग गाडी लेके आया. बिना परमिट हाथ लगाया. खलास." मग भिंग उगारून, "समझा? क्रेन के नीचे जाने का नहीं."

एकदा एका नेपाळी फिटरने विचारलं, "सर, फिर सुपरवायझर का क्या हुआ?" काका दोन दिवस अस्वस्थ होते. सुपरवायझर खुद्द दावीद राजा होता आणि त्याला काहीच झालं नव्हतं.

पलिष्ट्यांची गोष्ट ते अधिक खुशीत सांगायचे. पलिष्ट्यांनी लढाईत कोश पळवला, आपल्या देवळात ठेवला, तर त्यांची मूर्ती तोंडावर पडली आणि गावात गाठींची साथ आली. या गावाने पेटी त्या गावाला दिली, त्याने तिसऱ्याला. शेवटी सोन्याचे उंदीर करून, पेटीबरोबर गाडीत घालून, त्यांनी ती परत पाठवली. "आलेला माल नापास, सप्लायरला परत, दंडासहित," असं काका त्याचं वर्णन करायचे. सोन्याचे उंदीर ऐकून माझी लेक ईरा एकदम म्हणाली, "लाइक गणपतीज माउस?" काका म्हणाले, "त्याचा तपास केलेला नाही, बाळा." ते गमतीत बोलत नव्हते.

पेटी गेली कुठे, यावर त्यांच्याकडे चार जाड फायली होत्या. पहिली फाईल म्हणायची, बाबेलच्या लोकांनी नेली. तिला काकांनी लाल टॅग लावला होता. "लुटीची यादी शास्त्रात आहे. पातेली, फावडी, वाती कापायच्या कातऱ्या, सगळं लिहिलंय. ज्या माणसाने कातऱ्या लिहिल्या तो सोन्याची पेटी लिहायला विसरेल?" माझ्या धंद्याच्या दृष्टीने हा मुद्दा बिनतोड होता. दुसरी फाईल म्हणायची, यिर्मया संदेष्ट्याने ती डोंगरातल्या गुहेत लपवली. लाल टॅग. कारण वाट दाखवायला खुणा करून ठेवणाऱ्यांनाच पुढे ती वाट सापडली नाही, म्हणे. तिसरी म्हणायची, मंदिराखालच्या भुयारात आहे. लाल टॅग.

चौथी फाईल इथिओपियाची. शलमोनाला शबाच्या राणीपासून मुलगा झाला, तो मोठा होऊन बापाला भेटायला गेला आणि परतताना त्याच्या सोबत्यांनी तशीच दुसरी पेटी जागेवर ठेवून खरी उचलून आणली, अशी तिकडची परंपरा. अॅक्सुम नावाच्या गावात एका चर्चच्या आवारात ती आजही आहे. एक साधू तिची राखण करतो. तो मरेपर्यंत आवार सोडत नाही आणि त्याच्याशिवाय कुणी ती पाहत नाही.

या फाईलवर टॅग नव्हता.

"काका, ही का मोकळी?" मी विचारलं.

"हिची तपासणी व्हायची आहे."

"म्हणजे पिवळा."

"मॅडम," काका म्हणाले, "चहा घ्या आणि जा." हे त्यांच्याच घरात, सोफ्यावर बसून.

तपासणी करायची तर दोह्याहून विमानाने चारेक तासांचं अंतर. रिटायर होऊन इथून निघण्याआधी अॅक्सुमला जायचं, त्या आवाराची भिंत तरी डोळ्यांनी बघायची, ही काकांची आयुष्यातली एकच इच्छा, आणि ती आम्हा सर्वांना माहीत होती. दर वर्षी रजेचा अर्ज तयार व्हायचा. एका वर्षी प्लांट बंद ठेवून दुरुस्ती निघाली. एका वर्षी काकूंचा गुडघा. मग मुलाची बारावी. मग सगळ्या जगाचीच विमानं बंद. मग तिकडे लढाई पेटली, ते कारण खरं होतं, पण काकांनी ते लढाई थांबल्यावरही दीड वर्ष वापरलं.

"चार तासांचं विमान," काकू म्हणायच्या. "हे बावीस वर्षं बॅग भरून दारात उभे आहेत."

काकांच्या हट्टाची चुणूक कंपनीने पाहिली ती पाइपांच्या वेळी. प्रत्येक पाइपवर एक नंबर ठोकलेला असतो, हीट नंबर. तो लोखंडाच्या कोणत्या रसातून आला ते त्या नंबरावरून कळतं, आणि कारखान्याच्या सर्टिफिकेटशी तो जुळावा लागतो. एका खेपेतल्या पाइपांचे नंबर घासून पुसले गेले होते आणि सर्टिफिकेट वाटेत होतं. मॅनेजर स्वतः यार्डात आला, आपल्याकडचाच, गोड बोलणारा.

"साळवे, पिवळा लावा ना. कागद आठवड्यात येतायत. यल्ला, काम थांबलंय."

"कागद येईपर्यंत तो पाइप नाही, सर. नुसतं लोखंड आहे," काका म्हणाले आणि एकेका पाइपला लाल टॅग बांधत गेले. उन्हात, वाकून, शेवटच्या पाइपपर्यंत.

काम तीन आठवडे अडलं. काकांची बदली बिरकत अल अवामेरच्या गोदामात झाली. तिथे तपासायला हातमोजे आणि चादरी होत्या. त्यांनी त्यातल्या निम्म्या चादरी नापास केल्या, तेव्हा त्यांना मुकाट्याने यार्डात परत आणलं. आणि पाइपांचे कागद आले, तर पाइप शंभर टक्के चांगले निघाले.

"म्हणजे चुकलातच की, काका!" मी म्हटलं.

"पाइप बरोबर होता," ते म्हणाले. "माझा टॅगही बरोबर होता."

त्याच वर्षीच्या गणपतीत एक गोष्ट झाली, ती मला आजही बोचते. इथल्या मराठी मंडळाच्या आरतीला काका दर वर्षी हार्मोनियम वाजवायचे. आरतीचा एक शब्द तोंडातून काढायचे नाहीत, पण सूर असा धरायचे की बेसूर इंजिनिअरसुद्धा मार्गावर यायचे. प्रसादाच्या वेळी पुण्याचे एक गृहस्थ, गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, द्रोण हातात घेऊन जवळ आले. "साळवे, तुमचं आडनाव तर आपल्यातलंच. मूळचे कोण तुम्ही? म्हणजे ख्रिश्चन व्हायच्या आधी?"

ते काय विचारतायत ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं, आणि मी माझ्या द्रोणात बघितलं.

काकांनी मोदक संपवला, रुमालाने बोटं पुसली. "हीट नंबर पुसला गेलाय, साहेब," ते म्हणाले. "मधले कागद मिळत नाहीत. काय करता, लाल टॅग लावता?"

"छे, छे! सहज विचारलं हो."

पुढच्या वर्षी मंडळाला दुसरा हार्मोनियमवाला मिळाला. काकांना कुणी येऊ नका म्हटलं नाही. फक्त निरोप गेला नाही, आणि तो गेला नाही हे मला माहीत असून मीही विचारलं नाही. लाज वाटते, पण तसंच झालं.

मग काकांनी सगळा उत्साह आपल्या चर्चच्या मराठी मंडळीकडे वळवला. शुक्रवारी त्यांची उपासना व्हायची. मुलांच्या नाटकासाठी पूर्ण मापाचा कोश करायचा असं काकांनी जाहीर केलं. काम दिलं परभणीच्या बाबूराव सुताराला. हा सहा फुटी माणूस बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी असली कामं हौसेने करायचा.

बाबूराव म्हणाला, "काका, बाभूळ हितं कुठून आणू? पॅलेटचं लाकूड हाय."

काकांनी आठवडाभर विचार करून परवानगी दिली, पण पेटीच्या आत स्वतः लाल मार्करने लिहिलं: मॉडेल, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. मापं मात्र शास्त्राची. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. सेंटिमीटर लिहायला त्यांनी साफ नकार दिला. "मोशेकडे टेप नव्हता."

तीन शुक्रवारांनी आम्ही पेटी आणायला गेलो. काका गुडघ्यावर बसले, कोपर टेकवून हाताने मोजू लागले. अडीच हात संपले तरी पेटी संपेना.

"माप चुकलंय, बाबूराव. तीन हात होतायत."

"कामून चुकंल? माझ्या हातानं मोजलंय. बराबर अडीच हाय."

बाबूरावने आपला हात पेटीवर ठेवला, शेजारी काकांनी आपला ठेवला. कोपर ते बोट, दोघांत चांगलं वीतभर नाही तरी चार बोटांचं अंतर. खोलीतल्या बाकीच्यांनाही चेव आला. कुणी बीडचा, कुणी गोरखपूरचा, एकेकाने बाही सरसावून हात पुढे केला. आठ माणसं आणि आठ मापं. ज्या काकांनी उभ्या प्रोजेक्टवर कॅलिब्रेशनचं स्टिकर नसलेल्या पट्टीला हात लावू दिला नाही, त्यांनी बाबूराव सुताराच्या हाताचं सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.

"मोशेचा हात केवढा असंल मग?" बाबूरावने विचारलं.

काकांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि न वापरताच परत ठेवली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढची फजिती दारात झाली. उपासनेच्या हॉलचं दार अरुंद, पुढे लगेच वळण, आणि दांड्यांसकट पेटी वळेना. सगळे म्हणाले, दांडे काढा, आत नेऊन परत घाला, दोन मिनिटांचं काम. काका दारात आडवे उभे राहिले. दांडे काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. शेवटी नाटक पार्किंगमध्ये झालं, सकाळी दहाच्या उन्हात. एक करूब चक्कर येऊन बसला आणि त्याला लिंबूपाणी पाजावं लागलं. पेटी परत बाबूरावच्या खोलीवर गेली. तिथे दांडे कधीच निघाले, आणि आता तिच्यात खोलीचा तांदूळ असतो. काकांना हे कुणीतरी सांगितलं. मला वाटलं भडकतील. पण ते म्हणाले, "खऱ्या कोशातही देवाने रानात पुरवलेला मान्ना ठेवलेला असायचा. खाण्याचीच वस्तू."

आता टेस्फायेचं सांगायला हवं. टेस्फाये आमच्या साइटच्या बसचा ड्रायव्हर, गाव अॅक्सुमपासून पायी अर्ध्या दिवसावर. काका रोज त्याच्या मागच्या सीटवर बसायचे आणि बस सुटली की सुरू.

"टेस्फाये, तू कोश पाहिलास?"

"नो सर. नोबडी सी. ओन्ली वन मंक."

"त्याला कोण तपासतं?"

"गॉड, सर."

"हं. थर्ड पार्टी. बाहेरचा इन्स्पेक्टर," काका म्हणायचे आणि वहीत लिहायचे.

अकरा वर्षं हे चाललं. टेस्फायेच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने बस उड्डाणपुलावरून खाली घातली असती. हा फक्त हसायचा.

काकांना साठ वर्षं पूर्ण झाली, करार संपला, निघायची तारीख ठरली. अॅक्सुमला जाणं राहिलंच. निघायला तीन आठवडे असताना टेस्फाये गावाहून रजा संपवून आला. बस यार्डाच्या फाटकाशी थांबवून त्याने पांढऱ्या सुती कापडाची एक पुरचुंडी काढली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली. मी शेजारच्या सीटवर होते.

आत बोटभर लांबीचा लाकडाचा काळपट तुकडा होता. टेस्फायेच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याच्या पूर्वजांपैकी कुणीतरी त्या आवारात सेवेला होता, कोशाचा एक दांडा जीर्ण झाला म्हणून बदलला तेव्हा त्यातला हा तुकडा त्याला मिळाला, असं घरात सांगत आले होते.

"माय मदर गिव्ह," टेस्फाये म्हणाला. "आय टेल हर, सर आस्किंग एव्हरी डे, इलेव्हन इयर. शी से, मॅन आस्किंग एव्हरी डे, गिव्ह हिम."

काकांनी भिंग काढलं. तुकड्याला बोट लागू न देता, कापडावरच फिरवून त्यांनी तो पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, "बाभूळ आहे."

"गुड, सर?" टेस्फायेने विचारलं. यार्डात सगळे याच शब्दात विचारतात, माल पास का?

"तपासणी होईल," काका म्हणाले.

बातमी दोन दिवसांत पसरली. बाबूराव येऊन बघून गेला आणि म्हणाला, "आमच्या बांधावबी हीच बाभूळ हाय बगा." काकूंनी त्याला चहा न देता पाठवलं. कुणीतरी सांगितलं, परदेशातल्या लॅबला कणभर पाठवलं तर लाकडाचं वय कळतं, महिन्यात रिपोर्ट. काकांनी पत्ता लिहून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. शुक्रवारी उपासनेत पाळकांनी जाहीर केलं की साळवेबंधू आज साक्ष देतील. काका उठले, म्हणाले, "तपासणी चालू आहे," आणि बसले. एका बाईने फक्त स्पर्श करू द्या म्हणून विनवलं, तर म्हणाले, "ताई, मीही केलेला नाही."

रोज बसमध्ये टेस्फाये आरशातून त्यांच्याकडे बघायचा. विचारायचा नाही. आणि आता काकाही त्याला काही विचारत नव्हते.

निघायच्या दोन दिवस आधी मी वर गेले. घरभर खोकी. काका एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते.

"काका, टॅगचं काय?"

"लाल लावला तर त्या माउलीला मी खोटं पाडलं, वैशाली. तिने घरातली वस्तू उचलून दिली, न बघितलेल्या माणसाला. हिरवा लावला तर बावीस वर्षं मी ज्याला ज्याला लाल लावला, त्या सगळ्यांची माफी मागत फिरावं लागेल."

"मग तिसरा आहे की."

काकांनी चिकटपट्टी फर्रकन ओढली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही अॅक्सुमला का गेला नाहीत ते कळलं मला. गेला असतात तर तपासावं लागलं असतं."

वाटलं, आता मॅडम म्हणून हाकलणार. पण काकांनी पट्टी दाताने तोडली आणि खाली बसले. "भीती वाटायची," ते म्हणाले. "तो साधू दार उघडत नाही याचं मला दर वर्षी बरं वाटायचं." एवढंच बोलून त्यांनी पुढचं खोकं ओढलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि अकरा वर्षं या माणसाची टिंगल केली त्यातली निम्मी तरी परत घ्यावीशी वाटली.

विमानतळावर आम्हाला टेस्फायेनेच नेलं. काउंटरवर बॅगा नऊ किलो जास्त भरल्या. मग जे होतं ते झालं. फरशीवर बॅगा उघडल्या, काकूंची भांडी, खजुराचे डबे, ब्लँकेटं बाहेर, टेस्फाये खजूर मोजतोय, काकू "हे ठेवा, ते काढा" करतायत, आणि मागची रांग तोंड वाकडं करून बघतेय. काकांनी तळातून तीन जाड फायली काढल्या. लाल टॅगच्या तिन्ही. माझ्या हातात दिल्या. "क्लोज करा." चौथी परत आत गेली.

मग खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी ती पांढरी पुरचुंडी काढली. तिला सुतळीने टॅग बांधला होता. पिवळा.

टेस्फाये खजुराचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला. यार्डात अकरा वर्षं बस उभी केल्यावर माणसाला रंग कळतात. "सर, येलो," तो म्हणाला. "नॉट रिजेक्ट?"

"नॉट रिजेक्ट," काका म्हणाले. "टेल युअर मदर. आय अॅम स्टिल आस्किंग."

टेस्फायेने डबा खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवून मान लववली.

काकांनी टॅगची खालची अर्धी चिठ्ठी फाडली आणि माझ्यापुढे धरली. "तुमची कॉपी, मॅडम."

क्रमांक ०००१. वस्तू: लाकूड, एक नग. शेरा: कागद यायचे आहेत. खाली सही, नीट, पूर्ण नावाची.

मी वर बघितलं तेव्हा दोघं इमिग्रेशनच्या रांगेकडे निघाले होते. काकू पुढे, दोन पिशव्या सावरत. मागे काका, डोकं थोडं पुढे. पुरचुंडी त्यांनी पिशवीत परत ठेवली नव्हती. कापडाची दोन टोकं दोन हातांत धरली होती आणि हात अंगापासून लांब ठेवले होते, दांड्यांसारखे ताठ. वळणावर एका माणसाचा धक्का लागता लागता राहिला. काका थांबले, त्याला जाऊ दिलं, मग निघाले. त्यानंतर ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती चिठ्ठी पुढ्यात घेतली. पुढील तपासणीची तारीख हा रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्याचा कागद मी कुणाचाही घेत नाही, हे उभ्या प्रोजेक्टला माहीत आहे. मी तिला नंबर दिला आणि फायलीत लावली.